डॉल्फिन बघायला इंजिन कशाला?

माझं अख्खं आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलं. विजयदुर्ग बंदरात ट्रॉलरची डिझेल मशिनं उघडायची, बसवायची, होड्यांची आउटबोर्ड मशिनं खोलायची, हा माझा धंदा. त्यावर घर बांधलं, मुलीला शिकवलं. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते इंजिनावरच्या रागातून, असं कुणी समजू नये. मासेमाराच्या होडीवरचं मशीन काढा असं सांगणाऱ्या माणसाने भर वैशाखात, वारा पडलेला असताना, भरलेली होडी वल्हवून बंदरात आणून दाखवावी. माझं म्हणणं त्याहून फार लहान आहे. पर्यटकांना डॉल्फिन, पक्षी आणि कांदळवन दाखवायला ज्या होड्या खाडीत आणि बंदराच्या तोंडाशी फिरतात, त्यांना इंजिन नको. शीड आणि वल्हं एवढ्यावर ते काम होतं, आणि आजच्यापेक्षा चांगलं होतं.

ज्यांनी विजयदुर्ग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं जागेविषयी. दक्षिणेच्या टोकावर किल्ला, उत्तरेला राजापूर तालुक्याचा कातळसडा, आणि मधून वाघोटनची खाडी समुद्राला मिळते. अरबी समुद्राची लाट किल्ल्याच्या तटावर फुटते. तटाच्या मागे, पूर्वेला, पाणी गप्प. वादळाचा बावटा लागला की गुजरात आणि कर्नाटकच्या बोटीसुद्धा इथे नाहीतर देवगडला आसऱ्याला येतात. आंग्र्यांनी आरमार इथे ठेवलं ते उगाच नव्हे. खाडीत थोडं आत, रामेश्वरवाडीजवळ, त्यांची खडकात खोदलेली गोदी आजही आहे, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ खरवडायचा, भेगा बुजवायच्या. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला, तेव्हा ते सगळं आरमार याच पाण्यात जळालं. ती जहाजं शिडाची होती हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण आज या बंदरात दिवस दिवस बसलात तरी एक शीड दिसणार नाही.

म्हणजे माझं सोडून. काम बंद केल्यावर मी एक जुनी उलांडीची होडी घेतली. सोळा फुटी, लाकडी. मागची मशीन लावायची फळी काढून टाकली. डोलकाठी बांबूची, शीड मांजरपाटाचं. शिवलं गावातल्या शिंप्याने, आणि शिलाई त्याने पडद्याच्या दराने लावली. पहिल्यांदा होडी पाण्यात लोटली तेव्हा धक्क्यावरून हाक आली, "मिस्त्रीनु, इंजिन खंय हरवलात?" अजूनही येते. मी हात वर करतो आणि जातो.

शिडाच्या होडीचं वेळापत्रक वाऱ्याकडे असतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर ते एसटीपेक्षा बरं पाळलं जातं. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटतो. शाळेच्या पुस्तकातला हा मतलई वारा. सूर्य वर येईपर्यंत तो होडीला अलगद बंदराबाहेर काढतो. नऊ-दहाच्या सुमाराला मरतो. मग तास-दीड तास पाणी तेलासारखं. नंतर वायव्येकडून खारा वारा येतो, आधी पाण्यावर गडद पट्टा दिसतो आणि मग शीड भरतं, तो तुम्हाला घरी आणून सोडतो. जायला एक वारा, यायला दुसरा, दोन्ही फुकट. आपले पूर्वज याच हिशेबावर मासे मारत होते. मार्च उलटला की दुपारचा वारा दांडगा होतो आणि लहान होडीने बंदराच्या तोंडाबाहेर जाऊ नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम.

दुसरा हिशेब पाण्याचा. म्हाताऱ्या तांडेलांना मोबाईलमध्ये भरतीचं कोष्टक बघावं लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून सुरू. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी लोटायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी आळसावलेलं. नवख्याने भांगालाच निघावं. हे सगळं शिकायला एक हिवाळा लागतो, कोर्स लागत नाही.

खाडीच्या तोंडाशी नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी मिसळतं. तिथे गादे असतात. पर्यटक त्यांना डॉल्फिन म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक वेळा पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन, हिंदी महासागराच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, कमी पाण्यात राहणारा. जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत 2017 पासून तो 'संकटग्रस्त' आहे. कारण सोपं आहे. माणसाला जिथे बंदर, कारखाना, जाळं आणि जेटी हवी असते, नेमकी तीच पाण्याची पट्टी त्याला लागते. खोल समुद्रात जाऊन राहणं त्याच्या स्वभावात नाही. मच्छीमारांचं त्याच्याशी नातं सरळ नाही. तो जाळ्यातला मासा ओढतो, जाळं फाडतो, शिव्या खातो. पण त्याच्यामागे होडी घेऊन पळत सुटावं असं इथल्या कुठल्याही मासेमाराला कधी वाटलं नाही. तेवढा रिकामा वेळ आणि तेवढं पेट्रोल कुणाकडे होतं!

मतलई मेल्यावर आणि खारा यायच्या आधी शीड लोंबत असतं. होडी आपली आपण फिरते. अशा वेळी गादा आधी ऐकू येतो. फुस्स असा श्वास, मग थोड्या अंतरावर दुसरा. आवाजाच्या दिशेने मान वळवेपर्यंत तो खाली गेलेला असतो. पुढच्या वेळी आधी लांबट चोच बाहेर येते, मग कपाळ, मग ते जाड कुबड आणि त्याच्यावर बसवलेला बेताचा पर, आणि पाठ वाकवून तो पुन्हा आत. खोल जायचं असेल तर शेपूट वर काढतो. एका सकाळी एक मादी आणि तिच्या कुशीला चिकटून फिकट राखाडी पिल्लू, असे दोघे किल्ल्याच्या खडकाजवळ बोयरांचा घोळका दाबत होते. मासे पाण्याबाहेर उडत होते, वरून सुरय पक्षी सूर मारत होते. पिल्लू आईच्या प्रत्येक श्वासाबरोबर वर यायचं, पण दर वेळी क्षणभर उशिरा. मला बघून ते दोघे पळाले नाहीत आणि जवळही आले नाहीत. मी त्यांच्या लेखी खडक होतो. खारा वारा सुटेपर्यंत मी तिथेच होतो.

आता दुसरं दृश्य, जे आपल्या किनाऱ्यावर कुठेही डिसेंबरात दिसतं. जेटीवर पाटी, डॉल्फिन सफारी. दहाबारा माणसं बसलेली, मागे आउटबोर्ड. कुठेतरी पाण्यावर पाठ दिसते. "तो बघ, तो बघ!" होडी वळते, मशीन पूर्ण सोडलेलं, सगळे एका बाजूला उभे, फोन वर. डॉल्फिन बुडतो. नाखवा अंदाजाने पुढे जाऊन आडवा होतो. दुसरी होडी पलीकडून येते, तिसरी तिच्या मागून, आणि मधे सापडलेला प्राणी श्वास घ्यायला कुठे बाहेर यायचं ते शोधत फिरतो. गोव्यात तर डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत, अशा बोलीवर फेऱ्या विकल्या जातात. त्या बोलीतच पाठलाग आहे. मी नाखव्याला दोष देत नाही. त्याने दिसण्याचे पैसे घेतले आहेत, तो दाखवणारच.

यात माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती वरून दिसत नाही. आउटबोर्ड मशीनचा धूर कुठे जातो हे किती जणांनी पाहिलं असेल? बहुतेक मशिनांत तो पंख्याच्या मधल्या भोकातून थेट पाण्याखाली सोडलेला असतो. आपल्या कानाला आवाज कमी यावा म्हणून केलेली ती सोय आहे. म्हणजे होडीत बसलेल्याला जे मशीन शांत वाटतं, त्याचा गोंगाट खाली सोडलेला असतो. शिवाय पंखा जोरात फिरला की पात्यांच्या पाठीमागे पाणी फाटून बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. झिजलेला पंखा हातात घेतला की त्यावरचे बारीक खड्डे या फुटण्याचे असतात, पितळाला पडलेले. हा आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मशिनात तर पेट्रोलचा चौथाईच्या आसपास भाग न जळताच बाहेर पडतो. तो कुठे जातो हे वेगळं सांगायला नको. मशिनाची दुरुस्ती माझ्या हातची, म्हणून सांगतो, यातलं काहीही दुरुस्तीने जात नाही.

आणि ज्याच्या डोक्यावर हे सगळं होतं, तो प्राणी कानावर जगतो. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात हात घातला तर कोपर दिसत नाही. एवढ्या गढूळ पाण्यात मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे, हे त्याला आवाज सोडून आणि परत आलेला आवाज ऐकून कळतं. मीही आयुष्यभर कानाने काम केलं. शेजारी ग्राइंडर चालू असताना व्हॉल्व्हचा आवाज ओळखायचा म्हणजे काय, हे मला माहीत आहे. पण मी ग्राइंडरवाल्याला थांब म्हणू शकत होतो.

हे माझं एकट्याचं डोकं चालवणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा उथळ, सुरक्षित उपसागर आहे. तिथल्या डॉल्फिनांवर अनेक वर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. पर्यटकांच्या बोटी चालवणारे एकाचे दोन झाले, तेव्हा त्या भागात डॉल्फिन कमी झाले, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दोन म्हणजे दोनच, आपल्यासारख्या रांगेने उभ्या राहणाऱ्या नव्हेत. तिथल्या सरकारने एक परवाना कमी केला. त्या देशात डॉल्फिनपासून 50 मीटरच्या आत होडीने जायचं नाही आणि 150 मीटरच्या आत वेग उतरवायचा, असा दंडक आहे. आपल्याकडे दंडक नाही असं नाही. सगळे डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. 1972 च्या त्या कायद्यात शिकारीची व्याख्या वाचून बघा. मारणं आणि पकडणं याबरोबर प्राण्याला हाकणं, पिटाळणं हेही त्यात शिकार म्हणून लिहिलेलं आहे. सफारीचा पाठलाग त्यात बसतो की नाही ते वकील जाणोत. जंगलात वाघाच्या मागे तीन जिपा लावल्या तर पेपरात फोटो येतो, एवढं मला माहीत आहे.

डॉल्फिनाचं एवढं सांगितलं, पण माझा जीव खरा खाडीच्या आत रमतो. खारा वारा पाठीशी आणि भरती पोटाखाली असली की किल्ल्याकडून आत जाणं म्हणजे काहीच न करणं. पूर्वी मचवे, पडाव असेच भरती धरून खारेपाटणपर्यंत जात, सुमारे 40 किलोमीटर आत. आता गाळाने पात्र वर आलं आहे आणि माल ट्रकने जातो. दोन्ही काठांना कांदळवन. तिवर आणि कांदळ सगळ्यांना माहीत असतात, चिपी ओळखता यायला हवी. तिची मुळं चिखलातून सुळ्यांसारखी उभी असतात. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला, ही बातमी चिपीच्या काठावर राहणाऱ्यांपर्यंत मात्र अजून पोचलेली नाही.

इथे शीड उतरवायचं आणि एक वल्हं पाण्यात धरून वाहत राहायचं. मशीन असलेली होडी आत येऊ शकते, येतेही, पण तिला काही दिसत नाही. तिच्या लाटेने चिखलाची कड हलते आणि निवट्या बिळात जातात. वल्हं न हलवता थांबलात तर त्या परत बाहेर येतात, परांवर टेकून चालतात, एकमेकींवर पाठीचा पंखा उभारून धावतात. मासा असून जमिनीवर भांडण काढणारा हा प्राणी मुलांना वाघापेक्षा जास्त आवडतो, हे मी पाहिलेलं आहे. एक मोठी नांगी असलेले खेकडे ती नांगी वरखाली करत बसतात. खंड्या फांदीवरून उडत नाही. खडकावर पाणमांजराची विष्ठा सापडते, आत कुर्ल्यांच्या कवचांचा चुरा. खुद्द पाणमांजर क्वचितच दिसतं, आणि दिसलं तर त्यानेच आधी तुम्हाला पाहिलेलं असतं. वर कुठेतरी उंच झाडावर सागरी गरुडाचं वर्षानुवर्षं वाढवलेलं घरटं असतं, काटक्यांचा ढीग. एकच सूचना, भरती कधी फिरते ते लक्षात ठेवा. सुकतीला चिखलात बसलात तर पुढची भरती येईपर्यंत निवट्यांशी गप्पा मारत बसावं लागेल.

हे कुणी चालवून दाखवलेलंच नाही असं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून कांदळवनाची सफर घडवतात. त्यांना झाडं ओळखता येतात, पक्षी सांगता येतात, आणि मशीन नसल्यामुळे त्यांचं बोलणं ऐकूही येतं. सिंधुदुर्गातला हा मला माहीत असलेला सर्वांत शहाणपणाचा पर्यटन उद्योग आहे आणि त्याला फार मोठं भांडवल लागलेलं नाही. पण जलपर्यटन म्हटलं की आपल्या सरकारी डोळ्यांपुढे अजूनही जेट स्की आणि केळ्याच्या आकाराची ती रबरी होडीच येते.

माझ्या ओळखीचा एक तरुण नाखवा आहे. मशिनाच्या होडीने पर्यटक फिरवतो, धंद्याला चोख, मशीन माझ्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा. त्याच्याशी माझा वाद चालू असतो. "काकानु, शिडार धंदो होवचो नाय," तो म्हणतो. "गिऱ्हाइकाची चारची गाडी आसता. वारो पडलो तर मी काय करू?" वल्हव, मी म्हणतो. बंदराच्या आत आहेस, अर्ध्या तासात धक्क्याला लागशील. मग आम्ही पैशावर येतो. 25 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण सोडलं तर तासाला दहा लिटरच्या आसपास पेट्रोल खातं. लिटरला शंभराच्या वर भाव. वर ऑइल, प्लग, दर हंगामाला माझं बिल. तो दिवसभर दहादहा माणसं भरून वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारतो तो हा खर्च निघावा म्हणून. शिडाच्या होडीत चार माणसं बसतील, तीन तास फिरतील, माणशी जास्त देतील. तो म्हणतो, जास्त कोण देतंय? मी म्हणतो, जो पुण्याहून आठ तास गाडी चालवून आला आणि वीस मिनिटांत परत जेटीवर उतरला, तोच. त्याला विचारून तरी बघ. हे त्याला अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं परवान्यावर अडतं, आणि तिथे त्याचं बरोबर आहे.

कारण जलपर्यटनाचा परवाना, त्याच्या अटी, त्याला मिळणारं कर्ज, सगळं मशिनाची होडी गृहीत धरून चालतं. महाराष्ट्र सागरी मंडळाने शीड आणि वल्ह्याच्या होड्यांसाठी वेगळा, स्वस्त, सुटसुटीत परवाना काढावा. खाडीचा आतला भाग आणि तोंडाजवळची डॉल्फिनांची पट्टी पर्यटकांच्या मशीन-होड्यांना बंद करावी. फक्त पर्यटकांच्या, मासेमाराच्या नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं पाणी धरून. आपलं पाणी आपल्याला बंद होणार, ही भीती तिथल्या मच्छीमारांच्या मनातून नंतर कधी गेली नाही. वरून आलेला संरक्षण हा शब्द किनाऱ्यावर मनाई असा ऐकू येतो. म्हणून इथे नवं अभयारण्य नको. परवाने गावातल्या होडीवाल्यांना, मच्छीमार सोसायटीमार्फत, आणि नियम मोडणाऱ्याचा परवाना काढण्याचा अधिकारही त्यांच्याकडे. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर 2017 ते 2019 रिफायनरीचा वाद झाला. त्यात मी पुन्हा शिरत नाही. एवढंच म्हणतो की तेव्हापासून या खाडीविषयी जो बोलतो तो हजारो कोटींतच बोलतो. आता मुंबईहून रो-रो येणार म्हणून जेटीची चर्चा. येऊ दे, कोकणातल्या माणसाला बोट नको असं होणारच नाही. पण त्या बोटीतून उतरलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय दाखवणार आहोत, ते आजच ठरवायला हवं.

शीड चालवणार कोण, हा प्रश्न खरा आहे. गाबितांमध्ये, दालदींमध्ये शिडावर वाढलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. त्यांच्या हाताला अजून कळतं, शब्दात सांगता येत नाही. म्हणूनच शिकणाऱ्याला त्यांच्या शेजारी होडीत बसवावं लागेल, आणि ते लवकर. दुसऱ्या टोकाला रत्नागिरीत एनसीसीच्या नौदल विभागाची मुलं-मुली व्हेलर होड्या शिडाने चालवायला शिकतात. ती कॉलेज संपलं की शीड विसरून नोकरी शोधायला मुंबईला जातात. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. नौदलाने जुन्या पद्धतीने टाके घालून बांधलेलं 'कौंडिण्य' 2025 मध्ये कारवारला नौदलात घेतलं, तेव्हाही वाजवल्या. शिडाचा अभिमान आपल्याला भरपूर आहे. फक्त आपल्याच खाडीत, दोन किलोमीटर जायला, ते आपण उभारत नाही.

सुरक्षिततेचं विचाराल तर मी इंजिनवाला आहे, भाबडा नाही. जाकीट प्रत्येकाच्या अंगात, आसनाखाली नव्हे. धक्क्यावर एक मशिनाची होडी तयार, फक्त मदतीसाठी. मार्चनंतर दुपारी तोंडाबाहेर जाणं बंद. पावसाळ्याचे चार महिने होडी वर, शाकारलेली. चारपेक्षा जास्त माणसं नाहीत, मग पाचवा आमदाराचा पाहुणा का असेना. आणि पाटीवरून, तिकिटावरून डॉल्फिन हा शब्द काढून टाकायचा. खाडीची फेरी, एवढंच छापायचं. जे दिसेल ते दिसेल.

या शेवटच्या अटीवर तो नाखवा अजून अडून बसलेला आहे. परवा होडीला काजूचं तेल लावत होतो, तेव्हा तो येऊन बाजूला बसला. "समजा केलंय तुमी म्हणतास तसा," तो म्हणाला, "आणि तीन तासांत एक पण गादो नाय गावलो तर?"

"तर निवटी दाखव," मी म्हटलं. "आणि पैसे पुरे घे."